नवं चर्च बांधायचंय? आधी बाहेर उभे राहणारे मोजा

फेस्ताच्या, म्हणजे चर्चच्या सणाच्या, दिवशी शेजारच्या धर्मग्रामातल्या (पॅरिशमधल्या) तिघीजणींनी मला मंडपाच्या कडेला गाठलं. "आंटी, आमच्याकडेपण माणसं मावत नाहीत. फादर म्हणतात, नवं चर्च बांधू. पण सुरुवात कुठून करायची?" लाउडस्पीकर चालू होता, बोलणं अर्धंच झालं. घरी जाऊन सगळं लिहून देते असं त्यांना सांगितलं होतं. ते हे.

मी बोरिवलीत एका बांधकाम ठेकेदाराच्या कचेरीत 27 वर्षं हिशेब लिहिले आणि आता आमच्या चर्चच्या बांधकाम समितीची चिटणीस आहे. आमचं गाव खाडीपलीकडे. पत्ता मुंबईचा, पण होडीतून उतरलं की भाताची खाचरं आणि वलांडीवर सुकत घातलेले बोंबील. माझ्या लहानपणी धर्मग्रामात आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे इथलेच मूळचे ख्रिस्ती, शेतकरी आणि कोळी, एवढेच होतो, सगळी मिळून सव्वाशे घरं. आता 410 कुटुंबं आहेत. पाड्यांवरचे आदिवासी, घर बांधून राहायला आलेले मंगळूर-गोव्याचे लोक, रिसॉर्टमध्ये कामाला असलेली झारखंडची पोरं. पाच वर्षांपूर्वी समिती झाली, गेल्या एप्रिलमध्ये स्लॅब ओतून झाला, सध्या गिलावा चालू आहे. म्हणजे मी काम संपवून नाही, कामाच्या मध्यावरून लिहितेय.

वही घ्या आणि दारात उभे राहा

आमच्या पहिल्या सभेत प्रत्येकाच्या डोक्यात वेगळं चर्च होतं. कोणाला हजार माणसांचं हवं होतं, कोणाला लांबून होडीतून दिसेल असा मनोरा. फादरांनी एकच विचारलं, "रविवारी बाहेर किती जण उभे असतात?" कोणालाच आकडा सांगता आला नाही.

तेव्हा आम्ही जून-जुलैचे आठ रविवार मोजणी केली. मुद्दाम पावसाळ्यात, कारण उन्हाळ्यात लोक झाडाखाली पांगतात आणि दिसत नाहीत. प्रत्येक दारात युवा गटातली दोघं, हातात शाळेची वही, तीन रकाने: आत बसलेले, आत उभे, बाहेर. दोनदा मोजायचं, प्रवचन सुरू होताना एकदा आणि कम्युनियनच्या, म्हणजे पवित्र भाकर घेण्याच्या, आधी एकदा. या दोन आकड्यांत आमच्याकडे साठ-साठ माणसांचा फरक निघाला, म्हणून एकदा मोजून थांबू नका.

पश्चिमेच्या दारात मी स्वतः होते. निळी ताडपत्री बांधलेली, तिच्या कडेवरून पाण्याची धार लागलेली. त्या धारेच्याही पलीकडे पाड्यावरची एक बाई उभी होती. पाठीला पोर, पोराच्या डोक्यावर साखरेची प्लास्टिकची पिशवी, हातात त्याच्या चपला. आत घंटी वाजली तशी ती ओल्या फरशीवर गुडघे टेकून बसली. मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, संपल्यावर मी म्हटलं, "अगं, आत यायचं ना, मागे थोडी जागा होती." ती म्हणाली, "आत गावचे लोक बसतात. आम्ही इथंच बऱ्या."

त्या दिवशी मी वहीत चौथा रकाना आखला: बाहेर कोण आहे. पुढच्या सगळ्या रविवारी उत्तर तेच आलं. पाड्यावरचे, रिसॉर्टची पोरं, तान्ही मुलं घेतलेल्या आया आणि काठीवाले म्हातारे. आमच्या जुन्या घराण्यांतलं जवळजवळ कोणीच नाही, कारण आमचे बाक पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले. नवं चर्च कोणासाठी बांधायचं ते मला तेव्हा कळलं, आणि पुढच्या प्रत्येक भांडणात मी तीच वही उघडली. तुमच्या समितीतही बाहेर उभं राहणाऱ्यांतले निदान दोघं घ्या, आणि अगदी पहिल्या सभेपासून घ्या. मागाहून घेतलं तर ते फक्त मान डोलावतात.

आमचा हिशेब असा निघाला. जुन्या चर्चमध्ये 220 जण बसतात. रविवारी नऊच्या मिस्सेला सरासरी 360 येतात आणि नाताळला हजाराच्या वर. बाक नाताळच्या गर्दीवर ठरवू नका. वर्षाचे पन्नास रविवार रिकामे बाक बघावे लागतात, आणि त्यांच्यावरच्या छपराचं कर्ज फेडत बसावं लागतं. आम्ही 450 जणांची बसायची सोय धरली आणि दोन्ही बाजूंना रुंद पडव्या ठेवल्या, सगळे दरवाजे उघडले की आतल्याशी एक होतील अशा. स्नानसंस्काराच्या (बाप्तिस्म्याच्या) नोंदवहीतले दहा वर्षांचे आकडेही काढा. मुलं वाढत असतील तर धर्मशिक्षणाच्या खोल्या लागतील, आणि त्या बहुतेक वेळा विसरल्या जातात.

एक मिस्सा वाढवून भागतंय का, तेही आधी करून बघा. आम्ही शनिवारी संध्याकाळची मिस्सा सुरू केली, वर्षभर चालवली. गर्दी थोडी हलली, पण पाड्यावरच्यांना अंधारात परत जाणं जमेना. बिशप हाउसमध्ये हा प्रश्न विचारला गेला तेव्हा आमच्याकडे उत्तर तयार होतं.

परवानगी आणि जागा

फादरांच्या आणि समितीच्या मनात आलं म्हणून कॅथलिक चर्च उभं राहत नाही. 1983 च्या कॅनन लॉमधला, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातला, 1215 वा नियम स्पष्ट आहे: धर्मप्रांताच्या बिशपांची लेखी संमती लागते. ती देण्याआधी ते धर्मगुरूंच्या मंडळाचं आणि शेजारच्या चर्चच्या प्रमुखांचं मत घेतात आणि दोन गोष्टी बघतात. लोकांच्या आत्मिक भल्यासाठी ही वास्तू खरंच लागणार आहे का, आणि बांधायला व पुढे उपासना चालवायला पुरेसं साधन आहे का. आमच्या अर्जाचं पहिलं पान म्हणजे त्या वहीची बेरीज होती.

जागेच्या बाबतीत गोड बोलण्यावर जाऊ नका. आमच्या गावच्या एका आजोबांनी रस्त्यालगतची जमीन द्यायचं कबूल केलं, डोळ्यांत पाणी आणून. सातबारा काढला तर त्यावर अकरा नावं. दोघं दुबईत, एक वारलेला आणि त्याचे वारस लागलेले नाहीत. दीड वर्ष गेलं आणि शेवटी आम्ही जुन्या चर्चच्या आवारातच बांधायचं ठरवलं. आधी सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मग फेरफार, मग सरकारी मोजणी, हा क्रम मोडू नका. जमीन आदिवासी खातेदाराची असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम 36अ लागतं, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय ती बिगर-आदिवासीच्या नावावर होत नाही. ट्रस्टची एखादी जमीन विकून पैसा उभा करायचा असेल तर धर्मादाय आयुक्तांची मंजुरी आधी घ्यावी लागते, सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम 1950, कलम 36.

समुद्राकाठी असाल तर सीआरझेडचा, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाच्या बंधनांचा, नकाशा आर्किटेक्टच्याही आधी बघा. समुद्राच्या भरतीरेषेपासून 500 मीटरचा पट्टा त्यात येतो, आणि खारफुटीचा मोठा पट्टा जवळ असेल तर त्याभोवतीचे 50 मीटर वेगळे. आमचं पहिलं रेखाटन याच एका कारणाने रद्द झालं. धार्मिक वास्तू म्हणून पोलिसांचा ना-हरकत दाखलाही मागतात. ठाण्यात आधीच जाऊन ओळख करून ठेवा, शेजारच्या आळीलाही बोलावून नकाशा दाखवा. आमच्या आळीतल्या गणपती मंडळाच्या मुलांनी पुढे वाळूचे ट्रक वळवायला अंगण मोकळं करून दिलं.

पैसा

अंदाजपत्रकात लोक भिंती आणि छप्पर धरतात. बाक, माईक, पंखे, वीजजोडणी, कुंपण, संडास, पावसाच्या पाण्याचा निचरा, आर्किटेक्ट आणि आरसीसी सल्लागाराची फी, हे सुटतं. आमचा पहिला आकडा 1 कोटी 60 लाख होता. सुटलेलं भरलं तेव्हा 2 कोटी 10 लाख झाला. छपरापर्यंतचे पैसे बँकेत जमा झाल्याशिवाय खोदकाम सुरू करू नका. अर्ध्या उंचीचे कॉलम आणि वर गंजत चाललेल्या सळया रोज बघण्यासारखं वाईट काही नाही, त्याने लोकांचा विश्वास तुटतो.

वर्गणीसाठी आम्ही कार्डं केली, घरटी महिना 200 रुपये, तीन वर्षं. पहिल्या वर्षी कोळीवाड्यातून जून-जुलैची वर्गणी आली नाही आणि सभेत कोणीतरी बोलून गेलं. बोलणाऱ्याच्या लक्षातच नव्हतं की 1 जून ते 31 जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. आम्ही कोळी घरांची कार्डं दहा महिन्यांची केली. पाड्यावरच्यांनी विचारलं, आम्ही मजुरी दिली तर चालेल का? चालेल म्हणून रविवारी पायाची माती त्यांनी उपसली, आणि देणगीच्या फलकावर त्यांची नावं पैसे देणाऱ्यांच्याच यादीत, त्याच अक्षरात लिहिली. हे नक्की करा.

बाकी आमच्या बायकांचं काम. मे महिन्यात मिरच्या वाळवून, कुटून बाटली मसाला केला, तपकिरी बाटल्यांत ठासून भरला आणि बोरिवली-वांद्र्यापर्यंत विकला. आगेराला, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी नव्या भाताची कणसं आशीर्वादाला आणतात तेव्हा, फुगियांचा (तळलेल्या गोल पावांचा) स्टॉल आणि हौजी, म्हणजे आकड्यांचा खेळ. त्यातून रक्कम फार मोठी नाही होत, पण जे कधी सभेला येत नाहीत ते हौजीला येतात, आणि तिथे नकाशा टांगलेला असतो.

नियमांची दोन-तीन बंधनं मी हिशेबनीस म्हणून ठासून सांगते. चर्चसाठी म्हणून दिलेला पैसा फक्त चर्चसाठीच वापरायचा, कॅनन लॉचा 1267 वा नियम तसंच सांगतो. शाळेचं छप्पर गळतंय म्हणून त्यातून उसने घ्यायचे नाहीत. खातं वेगळं ठेवा. परदेशातल्या नातेवाइकांचं बघताना पासपोर्ट विचारा. भारतीय पासपोर्टवर दुबईत राहणाऱ्याने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा परदेशी देणगी धरला जात नाही. पण तोच माणूस कॅनडाचा नागरिक झालेला असेल तर ती परदेशी देणगी, आणि ती एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी असलेल्या संस्थेच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या खात्यातच येऊ शकते. देणगीवर आयकरात सूट मिळेल असं कोणाला तोंडी सांगू नका. धार्मिक कामासाठीच्या देणगीचं गणित वेगळं असतं, तुमच्या ट्रस्टच्या सीएकडून लेखी घ्या.

आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जमा-खर्च एका कागदावर हाताने लिहून चर्चच्या दारावर लावा. बाहेर उभं राहणाऱ्यालाही वाचता येईल एवढ्या मोठ्या अक्षरात.

चर्च आधी मैदानावर आखा

सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट एका पोत्यात मावली. आर्किटेक्टने कागद दिले, सगळ्यांनी छान छान म्हटलं. कागद कोणाला वाचता येत नव्हता, मलाही नीट नाही. तेव्हा आमच्या फुटबॉलवाल्या मुलांनी शाळेच्या मैदानावर फक्कीने, म्हणजे पांढऱ्या भुकटीने, अख्खं चर्च खऱ्या मापात आखलं. भिंती, दारं, वेदी, बाकांच्या रांगा. आणि रविवारी मिस्सेनंतर सगळ्यांना त्यात उभं केलं.

एका माणसाला बाकावर 20 इंच लागतात, आणि गुडघे टेकायची फळी धरून एका बाकाच्या पाठीपासून दुसऱ्याच्या पाठीपर्यंत 3 फूट. मधली वाट 6 फूट. वाटा धरून माणशी 7 चौरस फूट होतात, वेदी, सॅक्रिस्टी (फादरांची तयारीची खोली) वगैरे मिळून 10 धरा. पहिल्या आराखड्यात लांबट दालन होतं, 25 रांगांचं. आमची 81 वर्षांची एक मावशी शेवटच्या फक्कीवर उभी राहिली आणि म्हणाली, "फादर कुठे आहेत?" वेदी तिथून 75 फुटांवर होती. आर्किटेक्टने तिथेच मैदानात वही काढली. आता वेदीच्या तीन बाजूंना बाक आहेत, तेरा रांगा, आणि शेवटचा माणूस 45 फुटांच्या आत. वेदी भिंतीपासून सुटी असायला हवीच, फादरांना तिच्याभोवती फिरता आलं पाहिजे.

मग आम्ही लग्न करून पाहिलं, दोन मुलींना हात धरून चालवलं. व्हीलचेअर फिरवली. आणि शेवटी सहा जणांनी खांद्यावर एक लाकडी फळी घेतली, शवपेटी म्हणून. मुख्य दारातून आत येऊन मधल्या वाटेला लागताना बाप्तिस्म्याच्या कुंडाशी त्यांना वळताच येईना. कुंड चार फूट सरकवलं. फक्की पुसायला झाडू पुरतो. हीच चूक दगडात झाली असती तर?

कम्युनियनची रांग कुठून येऊन कुठे परत जाणार तेही चालून पाहा. आणि पडवीत उभे राहून विचारा, इथून वेदी दिसते का. आमच्याकडे दोन कॉलम मध्ये येत होते, ते हलवले.

खारं पाणी, कव्हर आणि क्यूब

दसऱ्यानंतर पाया, मे संपायच्या आत स्लॅब. मुंबईत मोसमी पाऊस साधारण 11 जूनला पोचतो, त्याच्या आधी निदान तीन आठवडे हाताशी ठेवा.

किनाऱ्याजवळ सळई गंजते आणि काँक्रीट फुगून फुटतं, जुन्या कोळीवाड्यातल्या कुठल्याही गॅलरीखाली उभं राहून वर बघा. आयएस 456 हे काँक्रीटचं भारतीय मानक किनाऱ्यावरच्या उघड्या आरसीसीला निदान एम 30 दर्जाचं काँक्रीट आणि सळईवर 45 मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, मागतं. कॉलमची सळई बांधून झाली की फळ्या लावण्याआधी मी स्वतः पट्टी घेऊन जायचे. कव्हर ब्लॉक म्हणजे सिमेंटचे छोटे ठोकळे, सळईला तारेने बांधतात. एका कॉलमला ठोकळ्यांऐवजी विटेचे तुकडे अडकवलेले सापडले. ते काढायला लावले. विटेतून पाणी थेट सळईपर्यंत जातं.

पाण्याचं तर मला आजही आठवून धस्स होतं. पहिल्या चार कॉलमच्या दिवशी सकाळी सातला टँकर आला. आमच्यातल्या एकाने सवयीने ओंजळ भरून चूळ भरली आणि थुंकला. मचूळ. ठेकेदार म्हणाला, एवढं चालतं. आम्ही काम थांबवलं, बाटली प्रयोगशाळेत पाठवली. आरसीसीच्या पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, आमचं दुपटीच्या वर होतं. तो दिवस गेला, मजुरी गेली, आणि आमचं चर्च वाचलं. तेव्हापासून प्रत्येक टँकरची बाटली भरून, तारीख चिकटवून ठेवत होतो.

क्यूब, म्हणजे ताकद तपासायचे काँक्रीटचे ठोकळे, भरताना समितीचा माणूस तिथे असलाच पाहिजे. 150 मिलिमीटरचे साचे. ओल्या क्यूबवर खिळ्याने तारीख आणि कॉलमचा नंबर कोरा, नंतर रंगाने लिहिलेलं पुसलं जातं. खरा निकाल 28 दिवसांचा. स्लॅबवर वाफे करून पाणी साठवा, कॉलमला गोणपाट गुंडाळून भिजवत राहा. आमच्याकडे ही पाळी पाड्यावरच्या बायकांनी घेतली, आणि त्यांच्याइतकी नेमाने कोणी घेतली नसती. त्यातलीच एक ती, ताडपत्रीबाहेरची.

हवा आणि आवाज

दादरचं पोर्तुगीज चर्च बघायला समितीला घेऊन जा. चार्ल्स कोरिया यांनी 1970 च्या दशकात बांधलेलं. वर निमुळते होत गेलेले काँक्रीटचे उंच घुमट आहेत, गरम हवा त्यांतून वर निघून जाते. आम्हाला तसं परवडणारं नव्हतं, पण छपराच्या टोकाला झरोके ठेवायचं तिथेच सुचलं.

आवाजासाठी नुसते स्पीकर वाढवू नका. कठीण फरशी, कठीण भिंती आणि उंच छप्पर असलं की शब्द घुमतो. मागच्या भिंतीला खडबडीत गिलावा आणि छपराखाली लाकडी पट्ट्या, एवढ्याने आमचा बराच फरक पडेल असं सल्लागार म्हणाले. रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही, म्हणून आमची नाताळची मिस्सा मैदानात साडेआठला उरकावी लागते. बंद दालनात, आतल्यांपुरत्या आवाजाला ती अडचण नाही. यंदा नाही जमलं तरी पुढच्या वर्षी मध्यरात्रीच्या मिस्सेचं ग्लोरिया हे गीत आत म्हणता येईल, ही आस आमच्या कॉयरला आतापासून लागलीय.

नाव, वेदी आणि जुनं चर्च

चर्च कोणाच्या नावाने हे आधीच नीट ठरवा, एकदा समर्पण झालं की ते बदलता येत नाही. समर्पणाच्या दिवशी बिशप वेदीला आणि भिंतींवर बारा किंवा चार ठिकाणी क्रिझम, म्हणजे बिशपांनी पवित्र केलेलं, तेल लावतात. तिथे क्रूस बसवायचे असतात, म्हणून गिलाव्याआधीच जागा सोडा. आमच्या गवंड्याला हे वेळेत सांगितलं म्हणून निभावलं. स्थिर वेदीचा वरचा भाग परंपरेने एका अखंड नैसर्गिक दगडाचा असतो. त्याचं वजन आरसीसी सल्लागाराला पहिल्याच दिवशी सांगा.

जुनं चर्च पाडायची घाई करू नका. आम्ही ते धर्मशिक्षणासाठी आणि रोजच्या सकाळच्या मिस्सेसाठी ठेवतोय. जुने बाक मात्र नव्या चर्चमध्ये न्यायचे नाहीत असं ठरलं, नाहीतर त्यांच्याबरोबर ठरलेल्या जागाही आल्या असत्या. नवे सगळे सारखे, कोणाचंही नाव न कोरलेले. पश्चिमेच्या दाराजवळची पहिली तीन बाकं तान्ह्या मुलांच्या आयांसाठी आहेत, आणि त्या बाकांपुढची मोकळी जागा आम्ही मुद्दाम दीड फूट जास्त ठेवलीय, पोराला पाठीवरून उतरवून घेता यावं म्हणून.